मेलचा प्रोग्राम पुन्हा टाकण्याआधी: जुने मेल नेमके असतात कुठे?

"भिया, फॉर्मेट मार देता हूँ. टेंशन मत लो, डेटा डी में डाल दिया है." इंदूरमध्ये ज्याने कधी रखडत चालणारा कॉम्प्युटर दुरुस्तीला नेलाय, त्याने हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेलं असतंच. सांगणारा खोटं बोलत नसतो. डेस्कटॉपवरच्या फाइली, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, मुंजीचे नि लग्नाचे फोटो असं सगळं त्याने इमानेइतबारे सी ड्राइव्हमधून उचलून डी मध्ये ठेवलेलं असतं. कॉम्प्युटर घरी येतो, झपाट्याने चालायला लागतो, सगळे खूश होतात. मग दोन दिवसांनी कोणीतरी आउटलुक किंवा थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम उघडतं आणि आत काहीच नसतं. सहा-सात वर्षांचा पत्रव्यवहार, पॉलिसीच्या पावत्या, जीएसटीची उत्तरं, पुण्याच्या मुलीने पाठवलेले स्कॅन केलेले कागद, काहीच नाही.

कारण साधं आहे. लोक ज्या फोल्डरांना 'डेटा' म्हणतात, त्यांत मेल बहुतेक वेळा नसतातच. ते एका लपवलेल्या फोल्डरात असतात आणि तिकडे कोणी बघितलेलंच नसतं.

जीमेल फक्त ब्राउझरमध्ये किंवा फोनवर बघणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांचे मेल गूगलच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या कॉम्प्युटरांवर आहेत, घरातला कॉम्प्युटर उद्या भंगारात दिला तरी त्यांचं काही जात नाही. हे लिहिलंय ते कॉम्प्युटरवर मेलचा वेगळा प्रोग्राम बसवून काम करणाऱ्यांसाठी. असे लोक आपल्याला वाटतं त्याहून बरेच आहेत. सियागंजातल्या होलसेल पेढ्या, सीएंची ऑफिसं, सांवेर रोडवरचे छोटे कारखाने, शिवाय रामबाग-लोकमान्य नगरातली निवृत्त मंडळी, ज्यांना पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी आउटलुक लावून दिलं आणि ते आजवर चालतंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून यातल्या बऱ्याच जणांवर सगळं नव्याने बसवायची वेळ आली आहे.

प्रोग्राम वेगळा, टपाल वेगळं

थंडरबर्ड किंवा आउटलुक नावाचा प्रोग्राम राहतो सी ड्राइव्हच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये. तुमचे मेल राहतात 'यूजर्स'मध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरात. चष्मा बदलला म्हणून पोथीतली ओळ बदलत नाही, तसंच हे. नुसता प्रोग्राम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला तर मेल सहसा जागच्या जागी राहतात. धोका असतो तो फॉर्मेटमध्ये, म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकण्यात, विंडोजच्या 'रीसेट'मध्ये, आणि 'उरलासुरला कचराही साफ करतो' म्हणणाऱ्या क्लीनर प्रोग्रामांमध्ये. त्या क्लीनरला तुमचं मेलचं फोल्डर कचराच वाटतं. म्हणून अनइन्स्टॉल करताना पडद्यावर काहीही चौकोन आला, त्यात 'वैयक्तिक माहिती काढू का' अशा अर्थाचं काही असेल, तर ते वाचल्याशिवाय नेक्स्ट-नेक्स्ट दाबत सुटू नका.

याचीच दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. प्रोग्राम बदलल्याने मेलला धक्का लागत नाही, तसा मेलच्या फाइलीत असलेला बिघाडही प्रोग्राम बदलल्याने जात नाही. इनबॉक्स उघडायला पाच मिनिटं लागतात, एखादा फोल्डर रिकामा दिसतो, सर्च चालत नाही, म्हणून लोक प्रोग्राम काढतात नि पुन्हा टाकतात. नवा प्रोग्राम जाऊन त्याच जुन्या फाइली उघडतो आणि रडगाणं तिथून पुढे चालू. माझं तर मत असं की दहातल्या बहुतेक वेळा रीइन्स्टॉलची गरजच नसते.

थंडरबर्डमध्ये आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'रिपेअर फोल्डर' दाबा. रिकामे दिसणारे मेल बऱ्याचदा तेवढ्यानेच परत येतात. प्रोग्राम सारखा बंद पडत असेल तर 'ट्रबलशूट मोड'मध्ये चालू करून बघा. तिथे नीट चालला तर दोष एखाद्या जादा सोयीसाठी जोडलेल्या अ‍ॅड-ऑनचा. आउटलुकवाल्यांनी विंडोजच्या अ‍ॅप्सच्या यादीत ऑफिस शोधून 'मॉडिफाय' दाबलं की 'क्विक रिपेअर' मिळतं. त्याने भागलं नाही तर तिथेच 'ऑनलाइन रिपेअर' आहे, तेही एक प्रकारचं पुन्हा बसवणंच. आणि फाइलच बिघडली असेल तर ऑफिससोबत 'स्कॅनपीएसटी' नावाचा छोटा दुरुस्तीचा प्रोग्राम येतो. तो चालवण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढा, कारण जे तुकडे त्याला जोडता येत नाहीत ते तो टाकून देतो.

हे सगळं करूनही भागलं नाही, किंवा विंडोजच नवं टाकायचं असेल, तर पुढचं.

आधी एक प्रश्न: पॉप की आयमॅप?

सगळं गणित या एका प्रश्नावर आहे, आणि गंमत म्हणजे दहा-दहा वर्षं मेल वापरणाऱ्यांनाही याचं उत्तर ठाऊक नसतं.

पॉप ही जुनी पद्धत. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं, तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी व्हायची आणि फोनचं बिल चालू राहायचं. पॉपची रीत त्या काळाला चपखल होती: जोडणी करा, सगळे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, सर्व्हरवरचे काढून टाका, लाइन सोडा. मेलची एकमेव प्रत तुमच्याकडे.

आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात. प्रोग्राम फक्त त्यांची प्रत दाखवतो. फोनवर वाचलेला मेल कॉम्प्युटरवरही वाचलेला दिसतो तो यामुळेच. आयमॅप असेल तर कॉम्प्युटर फॉर्मेट झाला तरी अकाउंट पुन्हा जोडलं की मेल हळूहळू परत उतरतात.

मग पॉप अजून का वापरतात? पैशासाठी. स्वतःच्या नावाचं डोमेन (मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव) घेतलं की स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, एका मेलबॉक्सला थोडीशीच जागा मिळते. कोटेशनं, ड्रॉइंगं, बिलांचे स्कॅन यांनी ती महिन्या-दोन महिन्यांत भरते आणि मग 'मेलबॉक्स फुल' म्हणून गिऱ्हाइकांचे मेल परत जायला लागतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे पॉप लावून मेल खाली उतरवत राहणं. म्हणजे ज्यांचा धंदा मेलवर चालतो, नेमके त्यांचेच मेल एका कॉम्प्युटरवर, एका प्रतीत असतात.

तुमचं काय आहे ते बघायला थंडरबर्डच्या 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो, आउटलुकमध्येही 'अकाउंट सेटिंग्ज'च्या यादीत नावापुढेच दिसतो. पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या जोडणीच्या दाराचा आकडा दिसला तर ९९५ किंवा ११० म्हणजे पॉप, ९९३ किंवा १४३ म्हणजे आयमॅप. पॉप असेल तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूणही बघून घ्या. तिच्याखाली बऱ्याचदा १४ दिवसांची मुदत असते. लोक वरची ओळ वाचतात, 'सर्व्हरवर आहे ना' म्हणून निर्धास्त होतात, आणि १४ दिवसांची ओळ वाचायची राहते.

आयमॅपवाल्यांनीही लगेच हुश्श करू नये. सर्व्हरवर जे आहे तेवढंच परत येतं. थंडरबर्डमधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये जे ओढून ठेवलंय ते सर्व्हरवर नाही. क्लासिक, म्हणजे ऑफिससोबत येणाऱ्या जुन्या आउटलुकमध्ये आयमॅप अकाउंट असेल तर कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्सच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं बारीक लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे. मेल सगळे परत येतात, गिऱ्हाइकांचे दोनशे पत्ते येत नाहीत. शिवाय आउटलुकचं ऑटोआर्काइव्ह चालू असेल तर जुने मेल मुख्य फाइलीतून निघून 'आर्काइव्ह' नावाच्या वेगळ्या फाइलीत जात राहिलेले असतात. ती फाइल कॉपी करायची कोणाला आठवत नाही, कारण ती कधी बनली हेच माहीत नसतं.

थंडरबर्डचं घर

थंडरबर्डमध्ये मदतीच्या मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथे 'प्रोफाइल फोल्डर' असा एक रकाना आहे आणि त्यापुढे 'ओपन फोल्डर'चं बटण. ते दाबलं की थेट घरातच पोचता. प्रोग्राम उघडतच नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जी छोटी चौकट येते तिच्यात इंग्रजीत अ‍ॅपडेटा असं लिहा, मागेपुढे टक्क्याची खूण लावून (%appdata%). त्या नावाच्या लपलेल्या फोल्डरातलं 'रोमिंग' उघडतं, त्यात 'थंडरबर्ड', त्यात 'प्रोफाइल्स', आणि त्यात एक विचित्र नावाचं फोल्डर: आधी आठ अक्षरांचा अर्थहीन गुंता, मग टिंब, मग 'डिफॉल्ट-रिलीज'. हे नाव बघून कोणालाही ते फालतू वाटावं. तुमचं सगळं त्यातच आहे.

आत शिरल्यावर 'मेल' नावाच्या फोल्डरात पॉपचे आणि लोकल फोल्डर्सचे मेल, 'आयमॅपमेल'मध्ये आयमॅपच्या प्रती, 'एबुक' (abook) नावाच्या फाइलीत पत्ते. 'मेल'मध्ये आणखी आत गेलात की 'इनबॉक्स' नावाच्या दोन फाइली दिसतील. एक मोठी, काही जीबीची, जिला एक्स्टेन्शनच (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) नाही; दुसरी छोटी, शेवटी एमएसएफ असलेली. कित्येक जण मोठीला 'हे काय भलतंच' म्हणून सोडतात आणि छोटी उचलतात. उलटं आहे. छोटी म्हणजे नुसती अनुक्रमणिका. ती हरवली तर थंडरबर्ड नवी बनवून घेतो. खरे मेल त्या बिनएक्स्टेन्शनच्या मोठ्या फाइलीत असतात, एकामागे एक, एकाच लांबलचक मजकुरात. १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेली ही एमबॉक्स पद्धत आहे.

शंका असेल तर त्या फाइलीची एक प्रत करून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा, छोट्या फोल्डरची घ्या, नाहीतर नोटपॅड गुदमरेल. प्रत्येक मेल 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीपासून चालू होतो. त्याखाली पाठवणारा, तारीख, विषय. इंग्रजीतला मजकूर बऱ्याचदा सरळ वाचता येतो. मराठीतला मेल मात्र वाचता येणार नाही. विषयाच्या जागी बरोबरची खूण, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ आणि मग इंग्रजी अक्षरांची बेमतलब रांग दिसेल. 'फाइल करप्ट झाली' म्हणून घाबरू नका. मेलची यंत्रणा मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनली, त्यामुळे देवनागरी आणि सगळी अटॅचमेंट्स ती सहसा बेस-६४ नावाच्या लिपीत बदलून पाठवते. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणूनच ६ एमबीचा फोटो मेलमध्ये ८ एमबीच्या वर जागा खातो. थंडरबर्डमध्ये उघडला की 'सस्नेह निमंत्रण' पुन्हा 'सस्नेह निमंत्रण'च दिसतं.

याच पद्धतीचा एक फायदा जाता जाता. डिलीट केलेला मेल या मोठ्या फाइलीतून लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण होते. 'कॉम्पॅक्ट' केलं की मग तो खरा जातो. म्हणून काहीतरी चुकून उडालंय असं वाटत असेल तेव्हा थंडरबर्ड 'कॉम्पॅक्ट करू का' विचारेल, त्याला तूर्त नाही म्हणा.

आता कॉपी. थंडरबर्ड बंद करा आणि खरंच बंद झालाय ना हे टास्क मॅनेजरमध्ये बघा. चालू असताना केलेली प्रत अर्धवट लिहिलेली असू शकते. मग आतलं एकेक वेचत बसू नका. 'रोमिंग'मधलं अख्खं 'थंडरबर्ड' फोल्डर उचला. त्यात प्रोफाइलसोबत 'प्रोफाइल्स-आयएनआय' नावाची छोटी फाइलही येते, आणि कुठलं प्रोफाइल उघडायचं हे प्रोग्रामला तीच सांगते. मेल, पत्ते, फिल्टर, सह्या, पासवर्ड सगळं एका झटक्यात. थंडरबर्डच्या टूल्स मेनूत 'एक्स्पोर्ट'ची सोय आहे, पण ती २ जीबीपर्यंतच्याच प्रोफाइलची झिप करते. जुन्या माणसाचं प्रोफाइल तेवढ्यात मावत नाही.

आउटलुकचं घर

मी ऑफिससोबत येणाऱ्या जुन्या, ज्याला आता 'क्लासिक' म्हणतात त्या आउटलुकबद्दल बोलतोय. विंडोज ११ सोबत फुकट मिळणारं नवं आउटलुक हे वेगळं प्रकरण आहे, त्याला हे नियम लावू नका.

क्लासिक आउटलुकमध्ये दोन प्रकारच्या फाइली. पीएसटी आणि ओएसटी. पॉपचे मेल आणि आर्काइव्ह पीएसटीत. एक्स्चेंजची (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल यंत्रणा) आणि आउटलुक २०१३ पासून आयमॅपचीही प्रत ओएसटीत. ओएसटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडत नाही. ती त्याच अकाउंटच्या त्याच जोडणीला बांधलेली असते. म्हणून नुसती ओएसटी कॉपी करून ठेवलीत तर पेन ड्राइव्ह भरेल, हाती काही लागणार नाही. त्यातलं जे सर्व्हरवर नाही, म्हणजे ते 'धिस कॉम्प्युटर ओन्ली'वालं कॅलेंडर नि पत्ते, ते 'फाइल', 'ओपन अँड एक्स्पोर्ट', 'इम्पोर्ट/एक्स्पोर्ट' या वाटेने पीएसटीत काढून घ्यायचं.

पीएसटी मात्र सरळ कॉपी करता येते. ती कुठे आहे याचा अंदाज बांधू नका. साधारणपणे डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असते, पण जुन्या आवृत्तीवरून वर चढत आलेल्या कॉम्प्युटरवर ती अ‍ॅपडेटाच्या 'लोकल'मध्ये सापडते, आणि वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, चालू असेल तर डॉक्युमेंट्सच वनड्राइव्हमध्ये सरकलेलं असतं. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'डेटा फाइल्स' असा टॅब आहे. तिथली यादी हीच खरी. एकेक नाव निवडून 'ओपन फाइल लोकेशन' दाबा आणि जेवढ्या पीएसटी दिसतील तेवढ्या सगळ्या घ्या, आर्काइव्हसकट. मेलखालची सही हवी असेल तर 'रोमिंग'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'सिग्नेचर्स' हे फोल्डर.

पेन ड्राइव्हपाशी घोडं पेंड खातं

दहा जीबीची पीएसटी आहे, पेन ड्राइव्ह बत्तीस जीबीचा रिकामा आहे, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. लोक पेन ड्राइव्ह खराब समजून दुसरा आणतात, तोही तेच म्हणतो. दोष जागेचा नसतो. बाजारात मिळणारे बरेच पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉर्मेट केलेले येतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी मावतच नाही, बाकी कितीही जागा असो. पेन ड्राइव्ह रिकामा करून त्यावर राइट क्लिक, 'फॉर्मेट', आणि यादीतून एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा. प्रश्न मिटला. मात्र हे करताना वर कुठल्या ड्राइव्हचं नाव आहे ते दोनदा बघा.

शक्यतो पेन ड्राइव्हपेक्षा बाहेरची हार्ड डिस्क बरी. आणि डी ड्राइव्ह ही दुसरी जागा नव्हे. बहुतेक घरांत सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. फॉर्मेटपुरती डी मध्ये ठेवलेली प्रत चालून जाते, डिस्क गेली की दोन्ही जातात.

कॉपी झाली की मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, तशीच प्रतीचीही, आणि दोन्ही चौकटी शेजारी ठेवा. फाइलींची संख्या आणि बाइटांतला आकार जुळला पाहिजे. 'साइज ऑन डिस्क' वेगळा दिसेल, त्याकडे कानाडोळा करा. तुमच्याकडे दुसरा कॉम्प्युटर असेल तर याहून पक्की खात्री म्हणजे तिथे प्रत उघडून सर्वांत जुना मेल आणि अटॅचमेंट असलेला एखादा मेल वाचून बघणं.

आणि पासवर्ड. हा विषय मी मुद्दाम इथे घेतोय, कारण इथपर्यंत सगळं नीट करूनही लोक इथे अडकतात. आठ वर्षांपूर्वी ज्याने अकाउंट लावून दिलं तो मुलगा आता बंगळूरला आहे, आणि पासवर्ड फक्त प्रोग्रामला पाठ आहे. थंडरबर्डमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'तल्या 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये तो वाचता येतो. आउटलुक दाखवत नाही, तेव्हा होस्टिंगवाल्याकडून नवा घेऊन ठेवावा लागतो, तोही फॉर्मेटच्या आधी. सर्व्हरची नावं नि पोर्ट असलेल्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. जीमेल जोडलेलं असेल तर नुसता पासवर्ड चालणार नाही. ब्राउझरची खिडकी उघडून गूगल परवानगी मागेल, आणि जुन्या प्रोग्रामांत सोळा अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड लागेल. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर चालू आहे ना, हेही आत्ताच बघा.

परत बसवताना

थंडरबर्ड नव्याने टाकून उघडला की 'नवीन अकाउंट बनवा' असा फॉर्म समोर येतो. इथे लोकांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि घाईघाईत ते फॉर्म भरतात. भरू नका. प्रोग्राम बंद करा. 'रोमिंग'मध्ये त्याने नुकतंच बनवलेलं रिकामं 'थंडरबर्ड' फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवा आणि तुमचं जुनं तिथे आणून ठेवा. पुन्हा उघडा. बहुतेक वेळा काहीच झालं नसल्यासारखं सगळं समोर येतं.

विंडोज न बदलता नुसता प्रोग्राम पुन्हा टाकला आणि तरी इनबॉक्स रिकामा, असंही होतं. २०१९ च्या ६८ क्रमांकाच्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक ठिकाणी बसवलेल्या प्रतीला वेगळं प्रोफाइल देतो. आधी ३२ बिटचा होता, आता ६४ बिटचा वेगळ्या फोल्डरात बसला, की तो नवं कोरं प्रोफाइल काढून बसतो. जुनं शेजारीच पडलेलं असतं. ट्रबलशूटिंगच्या पानावर 'अबाउट प्रोफाइल्स' असा दुवा आहे. तिथे सगळी प्रोफाइलं दिसतात. जुनं निवडून तेच डिफॉल्ट करा. आणि आवृत्ती आधीइतकी किंवा तिच्याहून नवीच टाका. जुन्या सीडीतला प्रोग्राम नव्या प्रोफाइलला हात लावायला नकार देतो, आणि तो देतो हे बरंच आहे.

आउटलुकमध्ये पीएसटी आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर आणा, पेन ड्राइव्हवरून उघडू नका. पॉप अकाउंट जोडताना 'नवे मेल कुठे टाकू' असं विचारलं जातं, तिथे 'एक्झिस्टिंग आउटलुक डेटा फाइल' निवडून जुनी पीएसटी दाखवा. आर्काइव्हच्या फाइली नंतर 'ओपन आउटलुक डेटा फाइल'ने उघडा. 'इम्पोर्ट' करत बसायची गरज नाही. उगाच सगळ्याच्या दोन-दोन प्रती होतात.

दोन प्रतींवरून आठवलं. पॉप असेल आणि सर्व्हरवर मेल ठेवायची खूण असेल, तर नव्याने लावलेला प्रोग्राम सर्व्हरवरचं सगळं पुन्हा उतरवतो, कारण कुठले मेल आधी घेतले याची नोंद त्याच्याकडे नसते. थंडरबर्डमध्ये ही नोंद 'पॉपस्टेट' नावाच्या फाइलीत असते. अख्खं प्रोफाइल आणलं की ती आपोआप येते. फक्त इनबॉक्सची फाइल उचलून आणणाऱ्यांना मात्र तेच मेल दुसऱ्यांदा बघावे लागतात.

प्रत काढलेला पेन ड्राइव्ह कुठेही टाकून ठेवू नका. एमबॉक्स कोणालाही नोटपॅडमध्ये वाचता येते हे वर बघितलंच, आणि थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये पासवर्डच्या फाइली त्यांच्या किल्लीसकट असतात. साठवलेल्या पासवर्डांना कुलूप घालणारा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर तो पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे तुमचं अकाउंटही गेलं.

फॉर्मेट होऊन गेलं असेल तर

आधी सी ड्राइव्हवर 'विंडोज-ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का बघा. ड्राइव्ह फॉर्मेट न करता त्यावरच विंडोज टाकलं असेल तर जुना सगळा पसारा, लपलेल्या अ‍ॅपडेटासकट, त्यात असतो. विंडोज अपग्रेड केल्यावर हे फोल्डर १० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा उद्यावर ढकलू नका. विंडोजच्या 'रीसेट'मध्ये 'कीप माय फाइल्स' निवडलं असलं तरी प्रोग्राम आणि सेटिंग्ज जातात, त्यामुळे अ‍ॅपडेटावर भरवसा नाही. तरीही एकदा शोधून बघायला हरकत नाही.

ते नसेल आणि डिस्क जुन्या प्रकारची, फिरणारी असेल, तर कॉम्प्युटर वापरणं ताबडतोब थांबवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर थोडी आशा असते. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क असेल तर ती आशा जवळपास नाही, कारण रिकामी झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून ठेवते. मग उरतं ते इकडून-तिकडून गोळा करणं. तोच मेल आयडी फोनवर जोडलेला होता का बघा, आणि असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, नाहीतर सर्व्हरशी जुळवून घेताना फोनवरचेही मेल जाऊ शकतात. होस्टिंगवाल्याकडे सर्व्हरचा जुना बॅकअप आहे का विचारा. आणि ज्यांनी तुम्हाला लिहिलं त्यांच्या 'सेंट'मध्ये ते मेल अजून असतील; महत्त्वाचे दोन-चार कागद, एखादं कोटेशन, पॉलिसीची प्रत, त्यांच्याकडून पुन्हा मागवून घेता येते.